दूधवाला होता

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर मोडण्याआधी पाळकसाहेब सांगतात, "आता प्रत्येकानं स्वतःला तपासावं," आणि सगळे मान खाली घालतात. पंखे फिरत असतात, कुणाचं तरी लेकरू कुरकुरतं. त्या शांततेत मी वर्षानुवर्षं न चुकता पापं आठवली. बायकोवर ओरडलो. ड्युटीवर डुलकी काढली. सकाळची प्रार्थना घाईत उरकली. एवढं देवापुढं ठेवायचं, क्षमा मागायची, आणि मंडळीचा वडील, म्हणजे निवडलेला कारभारी, म्हणून उठून द्राक्षरसाच्या पेल्यांचा ट्रे बाकाबाकांतून फिरवायचा. एक पाप मात्र मी तिथं कधी नेलं नाही. ते झाकलं राहावं म्हणूनच बाकीची शोधत होतो, हे आता कळतं.

आमचं मूळ गाव गडचिरोलीकडच्या जंगलात. बाबांनी तरुणपणी येशूला स्वीकारलं. त्यांचे थोरले भाऊ, माझे मोठे बाबा, गावात आपल्या देवांसोबत राहिले. दोघा भावांत त्यावरून कधी वाकडं आलं नाही. आई गेल्यावर बाबा ऊर्जानगरला माझ्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा ते गोंडीत एकच विचारायचे, दादा आला का?

एका दुपारी मंडळीची माणसं आतल्या खोलीत प्रार्थनेला जमली होती. मंडळीचा वडील म्हणून मला निवडून फार दिवस झाले नव्हते. फाटकाची कडी वाजली. बाहेर मोठे बाबा उभे. आरमोरीवरून एसटी बदलत आलेले, पाय धुळीनं भरलेले, हातात गावच्या पुजाऱ्यानं मंतरून दिलेला काळा दोरा.

"कुठी हाय तो? हे बांधतो अन् बसतो जराक त्याच्यापाशी."

आत गाणं चालू होतं. तो दोरा बाबांच्या मनगटावर आणि मंडळीचे चेहरे त्या दोऱ्याकडे, असं सगळं मला एकदम दिसलं. मी फाटक उघडलं नाही.

"त्यायले नाई भेटाचं तुमाले, मोठे बाबा. त्यायनंच सांगतलं."

"मले? मले नाई भेटाचं म्हणते?"

"हो."

त्यांनी दोरा मुठीत धरला. मग पाणीही न मागता वळले. मी आत गेलो तेव्हा गाणं थांबलं होतं. बाबांनी डोळे उघडले.

"कोन होता? दादाचा आवाज वाटला मले."

"दूधवाला होता, बाबा."

त्याच आठवड्यात ते गेले. गावाकडे निरोप मी मुद्दाम उशिरा धाडला. आणि मंडळीत उभं राहून साक्ष दिली की बाबा पूर्ण शांतीनं प्रभूकडे गेले. लोकांनी डोळे पुसले.

मागच्या हिवाळ्यात पाळकसाहेबांनी सांगितलं, यावेळी आत्मपरीक्षणाचे चार शब्द तुम्ही बोला. आदल्या संध्याकाळी मी ते लिहून घरात मोठ्यानं वाचून पाहिले. बायको मेथी निवडत ऐकत होती.

"चांगलं लिवलं. दूधवाल्याचंबी सांगान का उद्या?"

मी कागद खाली ठेवला. ती मेथीकडेच पाहत म्हणाली, "त्या दिवशी दूध मी सकाळीच घेतलं होतं. तुमच्या लोकायले चहा त्याच दुधाचा केला."

"मंग आजपावतर बोलली काऊन नाई?"

"तुमी दर महिन्याले मान खाली घालत होते. मले वाटे, आज तरी दिसन तुमाले."

तब्येतीचं कारण सांगून मी पाळकसाहेबांना नाही म्हटलं आणि सकाळच्या गाडीनं गावाला गेलो.

मोठे बाबा अंगणात बाजेवर बसले होते. डोळे जवळजवळ गेलेले. मी सगळं सांगितलं, काही न सोडता.

"मले विचारत होता? मरतानी?"

"रोज."

"कसा म्हने? म्हनून दाखव."

मी गोंडीत, बाबांसारखं म्हणून दाखवलं.

"आनखीन एक डाव."

पुन्हा म्हटलं. ते कान पुढे करून ऐकत राहिले. गावाच्या कडेला मोहाखाली आमच्या घराण्याचे दगड आहेत, गेलेल्या प्रत्येकाच्या नावानं एक उभा करतात. तिकडे तोंड करून ते म्हणाले, "माह्या बाजूची जागा त्याच्यासाठी धरली होती. येशूचा झाला तरी भाऊ माहाच होता. मंग म्हटलं, त्यालेच माहं तोंड नको, तं दगड काऊन लावू? दुसऱ्याचा लावला तिथी. आता तो उपटू का?"

मी माफी मागितली.

"तुया देवाले माग, बाबू. माह्यापाशी का हाय आता." आणि तोंड मोहाकडेच ठेवून, "जाय. गाडी सुटन तुई."

परत आल्यावर पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, प्रभूची क्षमा आहे, पेला घ्या. क्षमा आहे यावर माझा विश्वास आहे. पण पुढच्या पहिल्या रविवारी मी मान खाली घातली तेव्हा शोधायला दुसरं काही उरलं नव्हतं. पंखे फिरत होते आणि बाबा विचारत होते.

त्या दिवशी ट्रे दुसऱ्यानं फिरवला. माझ्यापाशी आला, तेव्हा पेला न उचलता मी ट्रे बायकोच्या हातात दिला. "मलेबी ठाव होतं," ती पेल्यांकडे पाहत पुटपुटली. मग तिनंही पेला न घेता ट्रे तसाच पुढं सरकवला.