आशालताताईंचं मौन

सहजनाद परिवाराच्या पनवेल शाखेत आशालताताईंना सगळे ओळखत, पण त्यांचा आवाज कसा आहे हे विचारलं असतं तर कुणाला सांगता आलं नसतं. परिवार सुरू झाला तो एका भाड्याच्या खोलीत, तीन माणसांवर. त्यातल्या एक ताई. बाकीच्या दोघांपैकी एकानं पुढे गुरू बदलला आणि दुसरा मुलाकडे अमेरिकेला गेला. ताई राहिल्या. दर गुरुवारी यायच्या, डोळे मिटून बसायच्या, आरती झाली की चपला घालून निघायच्या. परवा त्या वारल्या आणि शाखेला एकदम शोध लागला, की आपल्यात एक संत होऊन गेली!

श्रद्धांजली सभेची जबाबदारी सचिव विनायक सबनीसांवर आली. विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा माणूस शाखेसाठी वर्षानुवर्षं सतरंज्या घालत आणि माइकवाल्याशी हुज्जत घालत आला होता. याच सभेत नव्या अध्यक्षाचं नाव जाहीर व्हायचं होतं, आणि ते नाव त्यांचंच होतं. नवा झब्बाही शिवून आला होता. तरी सकाळपासून ते वक्त्यांची यादी पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते, कारण सभेत ताईंची धाकटी बहीण शांती बोलणार होती.

त्याचं असं होतं. परिवारात दीक्षा घेताना मांस-मासळी सोडल्याची शपथ घ्यावी लागते, आणि प्रत्येक सभेच्या शेवटी सगळे उभे राहून ती पुन्हा म्हणतात. ताई होत्या कोळीण. मासळी बाजारात त्यांचा आणि शांतीचा ओटा. तिथे ताईंचा आवाज असा, की शेजारणीला आपलं गिऱ्हाईक खुणा करून बोलवावं लागे. त्या ओट्यावर दर रविवारी तोंडाला रुमाल बांधून, कापडी पिशवी घेऊन विनायकराव हजर. सुरमईशिवाय त्यांचा रविवार जात नसे. एकदा तिथेच खजिनदार मनिषाताईंची गाठ पडली. दोघांनीही एकमेकांना सांगितलं, की मांजरासाठी नेतोय. दोघांच्याही घरी मांजर नव्हतं.

ताई मासळी साफ करून, तुकडे करून द्यायच्या, आणि गुरुवारी हॉलमध्ये समोर आल्या की नजर खाली. लोक म्हणत, काय ही अंतर्मुख वृत्ती! विनायकराव मान डोलावत. शांतीच्या तोंडाला मात्र कुलूप नाही, हे त्यांना बाजारात ऐकून माहीत होतं.

सभा भरली. व्यासपीठावर ताईंचा डोळे मिटलेला फोटो, त्याला भलामोठा हार. एका साधकानं सांगितलं, की ताईंनी आपल्याकडे नुसतं पाहिलं आणि आपली पाठदुखी गेली. मनिषाताई गहिवरून म्हणाल्या, "पहिल्या तिघांतल्या असूनही त्या कायम दाराशी, चपलांजवळ बसायच्या. केवढी ही नम्रता!" विनायकरावांनी खाली पाहिलं. काही मंडळींनी वासाची तक्रार केली तेव्हा त्यांनीच तर ताईंना गोड बोलून दाराशी हलवलं होतं. "इथे वारा छान लागतो, ताई," असं म्हणाले होते ते.

मग शांती उठली. पदर खोचून माइकपाशी आली.

"मला भाषान येत नाय," ती म्हणाली. "आमचे ताईचा आवाज तुमी आयकलाच नाय. बाजारात लय वरडायची. मी इचारायची, तितं जाऊन गप का बसतंस गो? तर बोलायची, तितं सगले आपलेच गिराईक हान."

हॉलमध्ये खोकल्याची साथ आली. कुणी मोबाईल काढला, कुणी पंखे मोजू लागलं. संपलं सगळं, विनायकरावांच्या मनात आलं.

शांतीनं एकेका रांगेवरून नजर फिरवली. "नावं मी घेनार नाय. ताईनं घेतली नाय, मी कशाला घेऊ? पन येक सांगते. तिनं तुमची शपथ घेतली त्या दिसापासून मासळीचा तुकडा तोंडात घातला नाय. दिवसभर मासळीत हात, आनि घरात आमी कालवन खायचो तवा ती डाळभात खायची. किती सांगितलं. नाय म्हंजे नाय." तिनं फोटोकडे पाहिलं. "तिला बोंबील लय आवडायचा ओ."

ती जाऊन खाली बसली. जरा वेळानं कुणीतरी जयघोष केला आणि सगळ्यांनी सुटका झाल्यासारखा त्यात आवाज मिसळला. पुण्याहून आलेल्या विश्वस्तांनी अध्यक्षांचं नाव जाहीर केलं, शाल-श्रीफळ दिलं, टाळ्या झाल्या. नावं घेतली गेली नव्हती. विनायकराव वाचले होते. पण त्यांच्या डोळ्यांपुढून ताईंचे हात हलेनात. स्वतः उपाशी राहून वाढणाऱ्या बाईसारखी ती आपल्यासाठी सुरमई कापत होती, आणि आपण तिला चपलांत बसवलं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

आता शपथ, तीही नव्या अध्यक्षांनी सांगायची. सगळे छातीवर हात ठेवून उभे राहिले. शांती बसूनच राहिली.

"उठा ना, शपथ आहे," मनिषाताई तिच्याकडे वाकून म्हणाल्या.

"मी नाय घेत," शांती म्हणाली, बाजारातल्याच आवाजात. "मला मासळी सोडवनार नाय. ताईचे फोटोम्होरं खोटं कशाला बोलू?"

सगळे विनायकरावांकडे पाहू लागले. शपथ त्यांना झोपेतही पाठ होती. "मी, विनायक..." त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. विश्वस्तांना वाटलं, पुढचे शब्द विसरले. ते हळूच सांगू लागले.

"शब्द माहीत आहेत मला," विनायकराव माइकमध्ये म्हणाले. "पण मासळी मलाही सोडवलेली नाही."

खांद्यावरची शाल काढून त्यांनी टेबलावर ठेवली. मग शांतीशेजारी उभ्या असलेल्या मनिषाताईंनी छातीवरचा हात हळूच खाली घेतला.