माणकोलीमार्गे डोंबिवली: केतकीने पोलंडला जावं का?

माझी धाकटी बहीण केतकी घोडबंदर रोडवरच्या एका परदेशी कंपनीत काम करते. कंपनीने तिला दोन वर्षांसाठी पोलंडला जाशील का असं विचारलं, आणि वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत जागतिकीकरणावर परिषद सुरू झाली. आमचे वडील, म्हणजे नाना, विरोधी पक्षात. पंख्याच्या मोटारी बनवणारी त्यांची कंपनी बाहेरचा स्वस्त माल आल्यावर बंद पडली. तेव्हापासून घरात साधा लायटर बिघडला तरी नाना म्हणतात, "करा अजून बाजार खुला!"

शेवटी नानांनीच तोडगा काढला. "डोंबिवलीला सावंताकडे जाऊ. तो सांगेल ते फायनल."

सावंतकाका म्हणजे नानांच्या कंपनीतले युनियन लीडर. परदेशी मालाविरुद्ध त्यांनी गेटवर दिलेल्या घोषणा नानांना अजून पाठ आहेत. त्यामुळे निकाल काय लागणार हे नानांना आधीच माहीत होतं. केतकी लगेच हो म्हणाली, तेव्हाच त्यांना संशय यायला हवा होता. आईने "मी घरी शांत झोपते" म्हणून अंग काढून घेतलं.

रविवारी सकाळी गाडीने निघालो. तुम्ही जाणार असाल तर आमच्यासारखं नाश्ता करून रमतगमत निघू नका, माजिवड्यालाच अडकाल. फोनमधली बाई उजवीकडून जा म्हणाली, नाना म्हणाले डावीकडून. "ही कुठली कोण, मला ठाण्याचा रस्ता शिकवणार?" डावीकडून गेलो. दोन सिग्नल फिरून पुन्हा माजिवड्यालाच आलो. नाना म्हणाले, "हा पूल पूर्वी नव्हता."

मग नाशिक हायवेने माणकोली. दोन्ही बाजूंना गोदामं, एकेक फुटबॉलच्या मैदानाएवढं. चहाला थांबलो. कटिंग दहा रुपये, आलं भरपूर. शेजारच्या खुर्चीवर गावातलेच एक गृहस्थ बसलेले. समोरचं गोदाम त्यांच्याच जमिनीवर. नानांनी हळहळून विचारलं, "इथे भातशेती असेल ना पूर्वी? वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना," ते म्हणाले. "बाप भात लावायचा, मी गोदाम लावलं. भात दरसाल लावाय लागतो दादा, गोदाम एकदाच."

नानांनी अर्धा चहा तसाच टाकला.

माणकोलीहून खाडीवरच्या नव्या पुलाने थेट डोंबिवलीत उतरता येतं. पूल सुंदर आहे, खाली खाडी आणि तिवरं. पण वर थांबून फोटो काढू नका, मागचे हॉर्न वाजवून जीव खातात.

सावंतकाकांनी फोनवर "छोटासा धंदा आहे" एवढंच सांगितलेलं. एमआयडीसीतल्या शेडमध्ये शिरलो तर डोक्याला टोप्या घातलेल्या बायका उकडीचे मोदक वळत होत्या. काकूंची देखरेख. पलीकडे शीतगृह, आणि इंग्रजी-अरबी छापलेल्या खोक्यांच्या भिंती.

"दुबई, अमेरिका, ऑस्ट्रेलिया," काका अभिमानाने म्हणाले. "उणे अठरावर गोठवायचे, की समुद्र पार!"

नाना खोक्यांकडे बघतच राहिले. "सावंत, तू परदेशी माल हाकलणार होतास ना?"

"मग? हा आपला माल आहे. आपला बाहेर गेलेला चालतो."

"म्हणजे तिकडे आता एखादा गोरा सावंत गेटवर तुझ्या नावाने बोंबलत असेल!"

केतकीला हसू आवरेना. काकांची निर्यात तिने आधीच नेटवर शोधून ठेवली होती, त्यामुळे निकाल आपल्या खिशात असं तिला वाटलं. काकूंनी गरम मोदक आणि तूप आणलं. (असा मोदक ठाण्यात मिळत नाही, वाद नको.) नानांनी विषय काढला. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"नको पाठवूस," ते म्हणाले. "आमचा पोरगा दोन वर्षांसाठीच गेलेला कॅनडाला. नातू माझ्याच कारखान्यातल्या मोदकाला डंपलिंग म्हणतो. माल जाऊ दे रे, माणूस नको."

काकू खाली बघत तुपाची वाटी सारखी करत राहिल्या. केतकीने हातातला मोदक ताटात ठेवला. नाना जिंकले होते. तेवढ्यात काका पुढे म्हणाले, "आणि मुलीच्या जातीला करायचंय काय तिकडे? इथेच कल्याणला एखादं स्थळ बघ."

नाना ताडकन उठले. "का रे? तुझा मोदक थंडीत कुडकुडत समुद्र ओलांडणार, आणि माझ्या मुलीने कल्याणच्या पुढे जायचं नाही?"

त्यानंतर काय झालं ते विचारू नका. युनियन लीडर मुक्त व्यापाराला शिव्या देत होते, नाना त्याचं समर्थन करत होते आणि मोदक वळणाऱ्या बायका हात थांबवून ऐकत होत्या. काकू केतकीला म्हणाल्या, "हे दोघं गेटवरही असेच भांडायचे. तू खा गं."

परत येताना मुद्दाम कल्याणहून आलो. दुर्गाडी किल्ल्यावर संध्याकाळी छान वारा असतो. नाना खाडीकडे बघत बसले.

"नाना, मी जाऊ नको का?" केतकीने विचारलं.

"कंपनी बंद झाली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "नोटीस लावली, संपलं. तुला निदान विचारतायत. विचारलंय तर तुझं तू उत्तर दे." मग उठता उठता, "पण ते डंपलिंग वगैरे आपल्याकडे चालणार नाही."

केतकी गेली. माणकोलीचा पूल, तो मोदक आणि दुर्गाडीवरचा वारा एका दिवसात नक्की होतो, जाऊन या. जागतिकीकरण चांगलं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. घरात एक ताट कमी लागतं, आणि केतकी फोनवर पूर्वी कधी हसायची नाही इतकी हसते. नानांचा विरोध मात्र कायम आहे, उलट वाढलाय. फक्त हल्ली ते भाषण दुपारची जेवणं झाल्यावरच सुरू करतात. तोवर पोलंडमध्ये उजाडतं आणि ऐकायला केतकी उठलेली असते.