सत्तावीस पावलांवरची पुरी

लहान मुलांना घेऊन सहलीला कसं जावं, या विषयावर मी अधिकारवाणीनं बोलू शकतो. कारण दोन लहान मुलांना घेऊन मी शेजाऱ्यांच्या घरापर्यंत जाऊन आलो आहे. अंतर सत्तावीस पावलं. मुक्काम दोन दिवस.

जायचं होतं खरं तर जगन्नाथपुरीला. सानगडीच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांचे सातबारे नि आधार कार्डं उलटीपालटी करून मी कंटाळलो होतो. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या आणि मी घरात जाहीर केलं, "या सुट्टीत समुद्र!" गोंदियाहून शनिवारी दुपारची गाडी. माझा मेहुणा आणि त्याची बायको गोंदियालाच राहतात, तेही याच गाडीनं येणार होते. माझी बायको वंदना खूश झाली. साडेतीन वर्षांच्या गोलूला समुद्र म्हणजे काय ते कळलं नाही, पण बाकीचे खूश म्हणून तोही खूश झाला. आणि आमची चिऊ, पहिलीतली, तिनं तर वर्गातल्या प्रत्येक मुलीला एकेक शिंपला कबूल करून टाकला. मग मुलांनीही मागितला. मग म्हणे मॅडमनीही! आता मी माघार घेतली असती, तर आख्खी पहिली माझ्यावर उलटली असती.

अडचण एवढीच झाली, की आमच्या मायनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"अबे दिन्या, शनिवारी पूर्वेले जाऊन राहिला का? शनिवारी पूर्वेले दिशाशूळ असते!"

"माय, तिकिटं निघाली."

"निंगाले त निंगाले. गुरुवारी परस्थान ठेवून दे, मंग काही होत नाही."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रवासाचा दिवस वाईट असेल, तर चांगल्या दिवशी आपलं थोडंसं सामान आधीच घराबाहेर काढायचं आणि जायच्या दिशेला कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण त्याच दिवशी निघालो असं समजतात. मात्र एकदा बाहेर पडलेलं सामान घरात परत आणायचं नाही. लोक एक सुपारी आणि एक कापड ठेवतात. हजारो वर्षं हजारो लोकांचं एका सुपारीवर भागलं.

पण मी हुशार! मी विचार केला, सुपारी पाठवून सुपारीच सुखरूप पोचेल. आपण सगळं सामानच पाठवू. त्यात मी मोबाइलवर 'मुलांसोबत प्रवास' असे चार-पाच व्हिडिओ पाहिले होते. त्यातली बाई बजावून सांगत होती, "मुलांची सगळ्यात आवडती वस्तू सगळ्यात आधी भरा." मी सगळ्यात आधी भरली. (ही सूचना उत्तम आहे. फक्त ती बाई सानगडीची नव्हती.)

पूर्वेचं घर म्हणजे सुखदेव काकाजींचं. काकाजी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. ते निवृत्त झाले, पण आवाज अजून ड्युटीवर आहे. गुरुवारी सकाळी मी तीन बॅगा घेऊन गेलो तर दारातून ओरडले, "सामान मांगं! रस्त्यात नको ठेवू, उतारूले त्रास होते!"

दुपारी गोलूला झोप आली. गोलूला झोपायला लागतं एक फडकं. मायच्या जुन्या लुगड्याचा तो तुकडा, त्याचं नाव 'मऊ'. मऊ गालाला लावल्याशिवाय हा मुलगा झोपत नाही, आणि हा झोपल्याशिवाय गल्लीत कुणीच झोपत नाही.

"मऊ कुठी हाये?" वंदनानं विचारलं.

मी पूर्वेकडे बोट दाखवलं.

"आणतो मी," म्हणून उठलो, तर माय दारात आडवी. "खबरदार! परस्थान उलटं आणलं का मोडलं. मंग गाडी तरी चुकते, नाही त चाक तरी निखळते."

"मायजी, लेकरू रडून रडून निळं होऊन राहिलं!" वंदना म्हणाली.

"मंग लेकराले तिथं नेऊन झोपव. लेकरू जाऊ शकते, मऊ येऊ शकत नाही."

म्हणून गोलूला नेलं. मऊ मिळाली, गोलू काकाजींच्या बाजेवर गाढ झोपला. तासाभरानं वंदना त्याला उचलून घरी निघाली, तर माय पुन्हा दारात!

"सामानापाशी झोपला ना थो? मंग गोलू निंगाला. आता शनिवारपावतर तिथंच."

"साडेतीन वर्साचं लेकरू एकटं प्रवासात?" वंदनाचा आवाज चढला.

"तू जाय ना मंग सोबतीले!"

वंदना गेली. (जाताना तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिची झेरॉक्स काढण्यासारखी होती.) चिऊनं हे पाहिलं आणि अंगणात बसकण मारून भोंगा लावला, "मले सोडून सगळे पुरीले गेलेएएए!" तिलाही पोचवून आलो. म्हणजे येणार होतो. पण काकींनी चहा पुढे केला, मी दोन घोट घेतले आणि घराकडे वळलो.

"बूड टेकवलं का तिथं?" मायनं उंबऱ्यातून विचारलं.

"टेकवलं."

"चहा पिला?"

"पिला."

"मंग तू बी निंगाला!" आणि दार लागलं.

अशा रीतीनं, शनिवारच्या गाडीनं जाणारं आमचं कुटुंब गुरुवारी संध्याकाळी चारच्या सुमारास समोरच्या घरी सुखरूप पोचलं.

पुढचे दोन दिवस आम्ही प्रवासात होतो. म्हणजे काकाजींच्या ओसरीवर. जेवायला चौघेच बसलो तरी काकाजी दाराशी उभं राहून पुकारत, "आत सरका, आत सरका! मंधात जागा खाली हाये!" पानं वाढून झाल्याशिवाय कुणी घास घेतला, तर म्हणत, "अजून घंटी नाही वाजवली मी."

दुकान पश्चिमेला, म्हणजे उलट्या दिशेला. ते बंद. घरातलं काही लागलं की गल्लीत उभं राहून मायला ओरडून सांगायचं. मी मोबाइलचा चार्जर मागितला, तिनं मिक्सरची वायर फेकली. मी अंडरपँट मागितली.

"कोनती?" तिनं तिकडून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं. "निळी का भोकाची?"

"कोनतीही दे!"

"निळी वल्ली हाये! भोकाची देऊ काय?"

येणारे-जाणारे थांबू लागले. "काहून दिनेशभाऊ, पुरीले जाणार होते ना तुमी?"

"गेलो आहो."

"मंग इथं?"

"रस्त्यात आहो."

शुक्रवारी मायला नातवंडांची आठवण आली. तिनं आमच्या ओट्यावर बसून व्हिडिओ कॉल केला. इकडून चिऊ मोठ्यानं विचारते, "आजी, जेवली काय?" आणि तिकडून माय फोनच्या पडद्याला हात लावून रडते, "किती वाळलं माहं लेकरू दोन दिवसात!" मान वर केली असती, तर लेकरू समोर दिसलं असतं. सत्तावीस पावलांवर. हातात काकींनी दिलेला दुसरा लाडू घेऊन.

या सगळ्यात गोलूचा मात्र एक गैरसमज झाला. काकाजींच्या अंगणात गुरांना पाणी प्यायचं सिमेंटचं टाकं आहे. गोलूनं पाहिलं : आपण सामान घेऊन निघालो, दुसऱ्या घरी आलो, इथं भरपूर पाणी आहे. त्यानं निष्कर्ष काढला आणि चड्डीसकट टाक्यात उतरला.

"पुरी आली!"

"हा समुद्र नोहे, गोल्या! हे म्हशीचं टाकं हाये!" चिऊ तळमळून सांगायची. "इथं शिंपले नाही राहात!"

"राहाते," गोलू म्हणाला आणि बुडातून एक गोगलगाय काढून दाखवली. चिऊ माझ्याकडे आली. "बाबा, आपण खरोखरच्या समुद्रावर जाऊन राहिलो ना?"

"खरोखरच्या," मी म्हणालो. छातीवर हात ठेवून म्हणालो. (मुलांना असलं वचन छातीवर हात ठेवून देऊ नये. नंतर हात कुठे ठेवावा ते कळत नाही.)

शनिवारी सकाळी जीप आली. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, लवकर करा. साकोलीच्या पुढं रस्ता खराब हाये." सामान चढलं, वंदना चढली, चिऊ तर ड्रायव्हरच्याही आधी चढली. आणि गोलू टाक्यात!

"मी नाही येत! मी पुरीतच राहातो!"

बिस्किट दाखवलं. नाही. मऊ दाखवली. नाही. काकाजींनी आपली ठेवणीतली हाळी दिली, "सुटली, सुटली! गोंदिया, गोंदिया!" तेव्हा मात्र गोलू घाबरून बाहेर आला. मी त्याला पुसायला घेतलं. तिकीट माझ्या मोबाइलवर, मोबाइल माझ्या खिशात. त्या ओल्या कार्ट्यानं खिशातला मोबाइल उपसला आणि धूम ठोकली. जीपकडे नव्हे. आमच्या घरात! मायच्या पायांतून आत, सरळ पलंगाखाली, पार भिंतीशी.

"मी काढते," माय म्हणाली आणि वाकली. निम्म्यावर गुडघ्यानं नकार दिला.

"दादा, आता निंगा, नाही त गाडी गेली!" ड्रायव्हर ओरडला. जीपमधून चिऊनं रडायला सुरुवात केली. भोंगा लावून नव्हे, आवाज न करता. ते मला बघवेना. मी धावत घरात शिरलो, पलंगाखाली लोटांगण घातलं, एका हातात मोबाइल, दुसऱ्यात गोलू, असा विजयी वीरासारखा बाहेर आलो.

माय उंबऱ्यात. चेहरा पांढरा.

"दिन्या, तू उलटा घरात आला."

"गोलू पण आला!"

"पाच वर्साखालच्या लेकराले दोष नाही लागत."

"बरोबर हाये," काकाजी गंभीरपणे म्हणाले. "पाच वर्साखाली फुकट. नियमच हाये."

"पण गुरुवारी हाच गोलू 'निंगाला' होता ना!"

"जाताना धरते, येताना नाही धरत," माय म्हणाली. "तुहं परस्थान मोडलं. आज पूर्वेले दिशाशूळ. तू गेला त तुह्या मांगं या तिघायच्या जिवाले लागंल. मी जाऊ देणार नाही."

आणि ती खरोखर जीपच्या चाकासमोर जाऊन बसली! मी समजावलं, हात जोडले, विज्ञान सांगितलं. ड्रायव्हरनं घड्याळ दाखवलं. मी जीपकडे पाहिलं. चिऊनं डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं आणि पहिलीतल्या मुलीला येतो तेवढा सगळा हिशेब करून म्हणाली,

"बाबा, तुमी थांबा ना. आमी जाऊन येतो."

मी वंदनाकडे वळलो. ती विचारात पडली. मी मोजलं : ती विचारात पडली ती माझी बॅग जीपमधून खाली ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढीच.

"गोंदियाले दादा-वहिनी हायेतच," ती म्हणाली. "मोबाइल द्या इकडं. तिकीट त्यात हाये."

माय उठली, जीप निघाली, गाडी मिळाली.

सोमवारी मायच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर समुद्र. खरोखरचा. चिऊ गुडघाभर पाण्यात उभी, फ्रॉकच्या ओच्यात शिंपले, आणि तोंडातून शब्द नाही. आमच्या चिऊच्या तोंडातून शब्द नाही, म्हणजे समुद्र चांगलाच मोठा असणार! मागे गोलू वाळूत बसून तक्रार करत होता, की इथं म्हैस नाही.

मला भरून आलं. वाटलं, बिचारी वंदना, एवढ्या लांब दोन-दोन लेकरं सांभाळते आहे. मी आवाज शक्य तितका कोमल करून विचारलं,

"लय त्रास होऊन राहिला असंल ना तुले?"

"नाही जी," वंदना हसत म्हणाली. ती इतकी मोकळी हसलेली मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली. "मी घरून तीन लेकरं धरूनच निंगाली होती. दोनच आले."