चूक कळवा

आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त ताटात असते, दाराला नाही. या सदरातले गूढ अनुभव मी आजवर चहासोबतची करमणूक म्हणून वाचत आले. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटते आहे.

मी मुलुंड पूर्वेला राहते. पवईच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, बरीच वर्षं. आसपासच्या सोसायट्यांमधल्या बागवेड्यांचा आमचा एक ग्रुप आहे. त्याचं वार्तापत्र मी आणि माझी मैत्रीण सुनीता काढायचो. मी मांडणी करणार, ती चुका काढणार. "स्मिते, तुळशीला एवढं शेण? जीव घेतेस का तिचा?" असे तिचे फोन.

वार्तापत्र यापुढे ईमेलने पाठवायचं ठरलं, आणि त्याच सुमारास सुनीताला मेंदूत रक्तस्राव झाला. व्हेंटिलेटर. शुद्ध नाही. हॉस्पिटलच्या लॉबीत नुसतं बसून मी काय करणार? घरी येऊन ठरलेलं काम सुरू केलं.

अंक ईमेलने पाठवणारं, फुकट मिळणारं एक अ‍ॅप्लिकेशन आधी चाचणीसाठी लॅपटॉपवर टाकलं. अशा चाचणीत ईमेल बाहेर जातच नाहीत — त्याच लॅपटॉपवरच्या एका खोट्या टपालपेटीत पडतात. वाचक म्हणून चार बनावट नावं घातली आणि पाचवं, सवयीने, सुनीताचं. अंकाच्या तळाशी तिच्यासाठीच एक बटण ठेवलं होतं — 'चूक कळवा'.

रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर बसून, पहिला चाचणी अंक पाठवला. अ‍ॅप्लिकेशनच्या नोंदीत चार नावांपुढे 'उघडला नाही'. सुनीताच्या नावापुढे 'उघडला'. आणि 'चूक कळवा' दाबलेलं.

मनात म्हटलं, बग, सॉफ्टवेअरमधला दोष. हे तर माझं पोटापाण्याचंच काम. डेटाबेस पुसला, सगळं नव्याने टाकलं, वायफाय बंद केलं, परत पाठवला. तेच. मग अंक नीट वाचला... कुंडीतल्या कढीपत्त्याला भर पावसाळ्यातही रोज पाणी घाला, असं मी लिहून ठेवलं होतं. ते सुधारून पाठवला. 'उघडला'. या वेळी बटण दाबलेलं नव्हतं.

मी कुणालाच काही बोलले नाही. काय बोलणार?

पुढच्या आठवड्यात सुनीताच्या मुलाचा, ओंकारचा फोन आला. "मावशी, डॉक्टर म्हणतात आता काही अर्थ नाही. उद्या व्हेंटिलेटर काढून आईला घरी नेतोय."

मी बरं म्हटलं. ग्रुपला कळवावं लागणारच होतं, म्हणून श्रद्धांजलीचा मजकूर करायला बसले. जास्वंदीशेजारचा तिचा फोटो आणि चार ओळी. मांडणी कशी दिसते ते बघायला चाचणी पाठवली.

'उघडला'. 'चूक कळवा' दाबलेलं.

मी तो मजकूर परत परत वाचला. नाव बरोबर. फोटो बरोबर. तिने लावलेली झाडं बरोबर. मग पहिल्या ओळीशी थांबले — 'सुनीता आता आपल्यात नाही'.

लॅपटॉप घेऊन रिक्षाने हॉस्पिटल गाठलं. ओंकारला दाखवलं, घडलं तसं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मावशी, तूच म्हणतेस ना, बग नसलेलं सॉफ्टवेअर नसतंच?"

"हो रे, पण हे..."

"प्लीज. बाबांना यातलं काही बोलू नकोस. ते कशालाही धरून बसतील."

त्याचं बरोबर होतं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. आत सुनीता होती तशीच पडून होती. मी तिचा हात धरला. "अगं, मला कळवून काय उपयोग? त्यांना कळव ना. बोट तरी हलव." हललं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घरी नेलं. दुपारी ती गेली.

त्या अ‍ॅप्लिकेशनचा कोड मी नंतर ओळ न् ओळ तपासला. बग सापडला नाही. डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यातलं मला कळत नाही. त्या बटणाचं काय, तेही आजवर कळलेलं नाही.

ती गेली त्या संध्याकाळी तोच मजकूर मी खऱ्या सर्व्हरवरून सगळ्यांना पाठवला. त्यात एक शब्दही बदलावा लागला नाही.