अधिक महिना आणि माझा कफ

मी आयुष्यात एकदाच पथ्य पाळलं, आणि त्यापायी माझी सासू एक दिवस दुपार टळेपर्यंत उपाशी राहिली.

झालं असं, की चिखलीच्या वैद्यबुवांनी माझी नाडी पाहिली, मग पोट पाहिलं (खरं तर नाडीआधी तेच दिसतं) आणि म्हणाले, "सर, कफ वाढला!" गोड, दही, केळी, दुपारची झोप बंद. भाकरी, कारलं, सुंठीचं पाणी आणि भरपूर चालणं सुरू. पंधरा दिवसांत एक किलो उतरला आणि मी भेटेल त्याला कफावर प्रवचन देऊ लागलो. नेमका तेव्हाच अधिक महिना लागला आणि संग्रामपूरहून सासूबाईंचं बोलावणं आलं!

अधिकात जावयाला पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढतात. ताट पुढे येताच मी हात जोडले.

"आई, मले फक्त भाकर द्या."

"काऊन? काही चुकलं काय आमचं?"

"यायले कफ झाला," बायको पुटपुटली.

"इतक्या वर्षांचा जावाई, अन् आजच झाला?" सासूबाईंचे डोळे भरून आले. "अधिकाचं ताट परत गेलं तं मीबी आज घास नाही घेत!"

सासरे समंजस. (शिवाय त्यांचंही जेवण अडलं होतं.) म्हणाले, "जावाईबापू, आधी पाय मोकळे करून या. चालल्यानं कफ जिरते. मंग दोन धोंडे खाल्ले तं काय होते?"

तोड नामी होती. मी ऐटीत निघालो. एकच विसरलो. एका घरचा जावई हा अख्ख्या आळीचा जावई असतो, आणि अधिकात त्याला कोणी दारावरून तसंच जाऊ देत नाही!

"असे तोंड चुकवून काऊन जाऊन राह्यले, जावाईबापू?" शेजारच्या काकूंनी अडवलं. नको म्हणायला मी हात पुढे केला, त्यांनी त्याच हातावर अनारसे ठेवले. पुढच्या घरी श्रीखंड. त्याच्या पुढे शिकरण!

"मले कफ हाये हो!" मी कळवळून सांगत होतो.

"असू द्या, आमी नाही नावं ठेवत!" म्हणत वाट्या भरल्या जात होत्या. वैद्यबुवांनी वर्ज्य केलेलं सगळं आळीनं एकेक करून मला खाऊ घातलं. राहिली होती दुपारची झोप. तीही पाचव्या घरी, कडुनिंबाखालच्या बाजेवर लागली.

जाग आली तेव्हा उशाशी बायको उभी. "आई अजूक उपाशी हाये, अन् तुमी इथं घोरून राह्यले?"

घरी सासूबाई ताट झाकून बसल्या होत्या. "साऱ्या आळीचं गोड चालते, अन् माह्या घरचंच बाधते काय?"

मला खरोखर लाज वाटली. ताटावर बसलो आणि नऊ धोंडे खाल्ले. नववा संपल्यावर सासूबाई हसल्या, दहावा वाढला, आणि मगच त्यांनी स्वतः पहिला घास घेतला.

परवा वैद्यबुवांनी मला काट्यावर उभं केलं. उतरलेला किलो आणखी दोन भावंडं घेऊन परतला होता!

"पथ्यात नेमकं चुकलं कुठं, सर?"

मी मान खाली घालून खरं तेच सांगितलं, "चालणं जरा जास्त झालं."