उन्हाला पुरून उरलेले साडू

उन्हाशी सोयरीक जुळवून जगणारा माणूस अख्ख्या बारामती तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. वडगाव निंबाळकरच्या या गृहस्थांनी तीस वर्षं पाटकरी म्हणून कालव्याच्या भरावावरून चालत शेतांना पाणी वाटलं. त्यामुळे वैशाखात मी पंख्याखाली उताणा पडलेला दिसलो की हे दारातूनच विचारणार, "पाव्हणं, आजारी हाय का?" टोपीखाली रुईचं पान, मानेवर ओला पंचा आणि दोन्ही खिशांत एकेक कांदा, हा यांचा उन्हाळी पोशाख. लग्नातसुद्धा त्यात बदल नाही. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात अक्षता टाकायला यांनी हात उगारला आणि खिशातला कांदा निसटून घरंगळत थेट नवरीच्या पायाशी गेला. भटजी मंगलाष्टक विसरले. साडूंनी शांतपणे पुढे जाऊन कांदा उचलला, धोतराला पुसला आणि म्हणाले, "व्हं, चालू द्या." फ्रिजशी तर यांचं उभं वैर. "त्या पान्यानं तहान भागत न्हाय, नुसती दातखीळ बसती," हे मी किमान शंभर वेळा ऐकलंय.

निवृत्तीनंतर यांच्या डोक्यात काय शिरावं? तर राजस्थानच्या वाळवंटातून बारा दिवस पायी जाणाऱ्या एका टोळीत जायचं! साठीपुढच्यांना घरच्या माणसाची सही लागत होती. लेक इंदापूरला नांदते. तिनं फॉर्म बघितला, कपाटात ठेवला आणि म्हणाली, "आबा, वैशाखात वडगावहून माझ्या दारापर्यंत चालत या. वाटेत कुणाच्या गाडीवर एकदा जरी बसलात, तरी सही विसरा." बिचारीला वाटलं, विषय मिटला. यांनी तिला न कळवताच निघायचा दिवस ठरवला, आणि साक्षीदार म्हणून मोटारसायकलवर मला मागं जुंपलं. कोण सांगतो या माणसाला नाही म्हणून?

उन्हाचा बंदोबस्त मात्र चोख होता. पहाटे चालायचं, दहाला एखाद्या लिंबाखाली पंचा पसरून आडवं व्हायचं, चारला पुन्हा उठायचं. तहान लागायच्या आधी दोन घोट पाणी, मधून मिठाचं ताक. हे फुलासारखे ताजे आणि मी हेल्मेटात शिजलेला. ऊन यांच्या वाटेला गेलंच नाही. वाटेला गेली ती माणसं. आमच्या मुलखात उन्हात पायी जाणाऱ्याला ओलांडून गाडी पुढं दामटणं कुणाला जमत नाही. दुधाच्या किटल्या लावलेला दुचाकीवाला थांबे, ट्रॅक्टरवाला थांबे.

"आबा, बसा की!"

"न्हाय, चालायचं हाय."

"आवं, मोकळीच हाय की गाडी!"

नाही म्हटलं की समोरच्याचं तोंड उतरायचं. त्यात मागं रिकाम्या सीटची मोटारसायकल घेऊन गोगलगायीसारखा मी. लोकांनी काय ते ओळखलं: म्हातारा घरातून रुसून निघालाय आणि पाहुणा समजूत घालतोय! एका माउलीनं यांना पिठलं-भाकरी वाढली आणि मला बाजूला घेऊन दरडावलं, "काय बोललासा वं त्यास्नी?" काय सांगणार, कपाळ!

या पाहुणचारानं चाल लांबत गेली आणि तिसऱ्या दिवशी इंदापूर दोन कोसांवर असताना भर दुपार झाली. सावली कुठंच नव्हती. प्रथमच यांची पावलं वाकडी पडू लागली. तेवढ्यात समोरून लेकीची गाडी आली. बाप रुसून निघाल्याची बातमी आमच्या आधी तिच्या घरी पोचली होती.

"आबा, कोण काय बोललं तुम्हाला? बसा आधी गाडीत!" तिच्या डोळ्यांना धार लागलेली. उघड्या दारातून गार हवेचा झोत आला. हे त्या सीटकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं.

"सही करतीस का?" यांनी विचारलं.

"कसली सही?"

"तूच म्हनलीस की, चालत या."

तिला उमजलं, तशी ती रडता रडता हसायला लागली. आम्ही गाडीच्या पडलेल्या सावलीत यांना खाली बसवलं, पंचा भिजवून डोक्यावर घातला, ताक पाजलं. ऊन कलल्यावर हे उठले. लेकीनं गाडी तिथंच सोडली आणि त्यांच्याबरोबर चालू लागली. यांनी एक कांदा तिच्या मुठीत दिला, तो तिनं घरापर्यंत सांभाळला. गल्लीतले सगळे दारात आले होते. यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच फॉर्म मागवला आणि सही झाल्यावर चपला काढल्या. मोटारसायकलवर बसून आलेल्या मीसुद्धा छाती फुगवून सत्कार घेतला!

वाळवंटातून परतले ते आणखी काळे होऊन. तिथं तरणी पोरं आडवी पडली आणि यांनी त्यांना कांदे वाटले म्हणे. "ऊन आपल्यावानीच. काय न्हाय त्यात," म्हणाले. मग खिशातला कांदा काढून हातात फिरवू लागले.

"समदं झ्याक झालं, पाव्हणं. पन बारा दिवसांत एकबी मानूस थांबून 'बसा की' म्हनला न्हाय."

परवा कालव्याकडून पायी येताना दिसले. जरा थकल्यासारखे वाटले. मी गाडी थांबवली. "दाजी, बसा की."

"न्हाय, चालायचं हाय," ते म्हणाले, आणि मी पुन्हा म्हणायची वाट बघत तिथंच उभे राहिले.