झोपेची राखण

भोरच्या दवाखान्यात तो माझ्या शेजारी बाकावर बसला होता. साठीचा असेल, गुंजवण्याकडचा. नाव मी विचारलं नाही. दोघांचं दुखणं एकच, झोप लागत नाही. बोलताना त्याची नजर सारखी दारा-खिडक्यांवरून फिरायची.

"कुणाची वाट बघताय?" मी विचारलं.

"न्हाई मावशी, सवय हाय. तीस वर्सं भातावर जागलो, रानडुकरं हाकलत. आता शेत ल्योक बघतो. तरी माझा डोळा लागत न्हाई."

"मग डॉक्टरांनी गोळी दिली न्हाई?"

"दिली की. रोज घेतो आन खाटंवर बसून ऱ्हातो."

"बसता कशाला?"

"झोप कवा येती ते बघाया."

मला हसू आलं. "अवो, राखणदार जागा दिसला तर डुक्कर तरी येतं का? झोप कशी येईल?"

तो हसला नाही. टोपीची घडी घालत म्हणाला, "नुसतं पडून ऱ्हायचं म्हंजी भ्या वाटतं, मावशी."

तेवढ्यात त्याला आत बोलावलं.

माझा नंबर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, गोळी घेतल्यावर काय करता? पडून राहते, असं मी सांगणार होते. पण खरं तेच सांगितलं, घड्याळाकडे बघत बसते.